स्थिर विद्युत् व तडिताघात, परभणी जिल्ह्यातील
पदार्थावर साचून राहिलेल्या, प्रवाहरूपाने न वाहणाऱ्या विद्युत् भारास स्थिर विद्युत् म्हणतात. तिचा सर्वांत उग्र आविष्कार म्हणजे वीज पडणे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या परभणी जिल्ह्यात तो मॉन्सूनपूर्व काळात व परतीच्या पावसात विशेष आढळतो. कापूस, सोयाबीनच्या उघड्या शेतांत राबणाऱ्यांना व जनावरांना त्याचा धोका अधिक असतो.

इतिहास : घासलेला तृणमणी (अंबर) हलक्या वस्तू ओढतो, हे प्राचीन ग्रीकांस ज्ञात होते, ‘तृणमणी’ हे संस्कृत नावही याच गुणाचे द्योतक आहे. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये हे आकर्षण चुंबकत्वाहून भिन्न असल्याचे दाखविले. स्टीव्हन ग्रे यांनी १७२९ मध्ये संवाहक व निरोधक पदार्थांतील भेद ओळखला. द्यूफे यांनी १७३३ च्या सुमारास भाराचे दोन प्रकार सांगितले. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ओढतात. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी त्यांना धन व ऋण या संज्ञा दिल्या. त्यांच्या सूचनेनुसार मे १७५२ मध्ये फ्रान्समध्ये उंच लोखंडी सळईद्वारे वादळी ढगातील विद्युत् मिळविण्यात आली. पुढील वर्षी सेंट पीटर्झबर्ग येथे अशाच प्रयोगात गेओर्ग रिखमान मृत्यू पावले. दोन भारांमधील प्रेरणा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे कूलंब यांनी १७८५ मध्ये मोजून सिद्ध केले.

कारणमीमांसा : घर्षणाने भार नव्याने निर्माण होत नाही, इलेक्ट्रॉन एका पदार्थावरून दुसऱ्यावर जातात. ढगात मृदू गारा व हिमस्फटिक यांच्या टकरींमुळे भार विलग होतात. ढगाचा तळ बहुधा ऋण भारित होतो व प्रवर्तनाने खालील जमिनीवर धन भार जमतो. मधली हवा हा ताण सोसू शकली नाही की विसर्जन घडते. उंच वस्तूच्या टोकाशी विद्युत् क्षेत्र तीव्र असल्याने शिवारातील एकाकी झाड हा आसरा नसून धोका ठरतो. पायाळू व्यक्तीवर वीज पडते, या लोकसमजुतीस शास्त्रीय आधार नाही.

उपाय : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात तडित्-स्थाननिश्चितीचे जाळे उभारले व पुढे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनी उपयोजन विकसित केले. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यांतूनही सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात. गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जाणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. तडिताघात झालेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युत् भार साचून राहत नाही; त्यामुळे तिला स्पर्श करण्यास न कचरता, श्वास व हृदयक्रिया थांबली असल्यास कृत्रिम श्वसन व छातीवर दाब देणे तत्काळ सुरू केल्यास प्राण वाचू शकतात.