एका भाषेचा मनोरा

भविष्यातील शहराचा विषय निघाला की मला १९२७ साली बर्लिनमध्ये प्रथम दाखवलेला ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट आठवतो. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याने १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारती पाहिल्या होत्या. लहान प्रतिकृती आणि आरसे यांच्या साहाय्याने त्याने पडद्यावर अवाढव्य नगर उभे केले. वर मनोरे, उंचावरचे रस्ते आणि धनिकांच्या बागा, जमिनीखाली यंत्रे, त्याहून खाली कामगारांची एकसारखी घरे. कोणी कुठल्या थरात राहायचे, हीच तिथली नगररचना.

चित्रपटात बॅबेलच्या मनोऱ्याची कथा येते, पण बदलून. बायबलात देव माणसांच्या भाषा वेगळ्या करतो आणि बांधकाम थांबते. इथे सर्वांची भाषा एकच; तरी मनोरा योजणारे आणि दगड ओढणारे यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. शेवटी मनोरा ढासळतो.

ही कथा लिहिली थेआ फॉन हार्बू यांनी. लांगपासून विभक्त झाल्यावर त्यांनी विवाह केला तो आपल्या बेळगुंदीच्या आयी तेंडुलकरांशी! मात्र याच बाई नाझी पक्षाच्या सभासद होत्या. आपलाच धडा लेखकालाही पचतोच असे नाही.

आमच्या गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. भांडणे दोन भाषांत होतात, मिटतातही दोन भाषांतच. दोन भाषांनी गाव मोडत नाही, वाचकहो. वरच्या मजल्याने खालच्याचे ऐकणे सोडले, की एका भाषेचे गावही मोडते.