मोडीचा भाव

कासाराच्या दुकानात जुने पितळी पातेले द्यायचे, त्याची मोड वजनावर ठरायची आणि ती रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा व्हायची. हा व्यवहार महाराष्ट्राच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्यात दोन गोष्टी गृहीत असत. जुने देणारा आणि नवे घेणारा माणूस एकच असे, आणि दिलेले भांडे खरोखरच वितळून जाई. १३ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाहने मोडीत काढण्याचे जे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यामागेही नेमके हेच चित्र आहे: जुनी गाडी मोडीत द्या, नवी घेताना सवलत घ्या. मोटारगाडी मात्र पितळी पातेल्यासारखी कधीच वागलेली नाही. आपल्याकडे ती पहिल्या मालकाच्या दारात मरत नाही. ज्या शेवटच्या माणसाच्या हातात ती मरते तो नवी गाडी घेत नाही, आणि सवलत नेमकी त्याच्यापर्यंत पोचत नाही. ही खोट आजच्या धोरणाने निर्माण केलेली नाही. ती आपल्या मोटारीच्या इतिहासातच आहे.

तो इतिहास बंगळूरच्या मारतहळ्ळीपासून सांगता येतो. गावाच्या नावाबद्दल दोन कथा ऐकू येतात. एक ते मराठ्यांशी जोडते, तर दुसरी शेजारच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी. विमानाने १९६१ मध्ये पहिले उड्डाण केले, हे ध्यानात घेतले की दुसरी कथा जरा जास्तच सोयीची वाटते. तो शेजारचा कारखाना म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्ट. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये तो उभा केला. वालचंदांना खरे तर मोटारीचाही कारखाना हवा होता. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात त्याची योजना मांडली होती. मुंबई प्रांताचे खेर मंत्रिमंडळ अनुकूल होते, पण १९३९ मध्ये त्याने राजीनामा दिला. मग म्हैसूरचे दार ठोठावले गेले, तेव्हा युद्धकाळातल्या ब्रिटिश सरकारने मोडता घातला. शेवटी विमाने बंगळूरला आणि मोटारी कुर्ल्याला अशी वाटणी झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. म्हणजे मोटारीसाठी सरकारने हात सैल सोडावा की नाही, हा वाद देशी मोटारीच्या जन्माआधीचा आहे. तेव्हा प्रश्न ती जन्माला घालण्याचा होता, आता तिला निरोप देण्याचा आहे, एवढाच फरक.

मधली चार दशके निरोपाचा प्रश्नच आला नाही, कारण गाडी मिळणे हेच दुर्मीळ होते. परवाना राज्यात कुर्ल्याच्या फियाटसाठी (पुढे तिचे नाव पद्मिनी झाले) पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हातात आलेली गाडी सोन्यासारखी जपली जाई. इंजिन उतरवून पुन्हा बांधायचे, पत्रा ठोकून घ्यायचा, भाग मिळाला नाही तर लेथवर करवून घ्यायचा. या टंचाईतूनच देशभर गॅरेजवाले, पत्रेवाले आणि सुट्या भागांचे बाजार उभे राहिले. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, बंगळुरात शिवाजीनगरची गुजरी. कोल्हापूरकराला गुजरी म्हटले की सराफकट्टा आठवेल. कानडीत त्याच शब्दाला भंगाराचा वास आहे. पण धर्म तोच: तुकड्यातुकड्याचा भाव जाणणे. गाडी म्हणजे एक वस्तू नव्हे, शेकडो विकाऊ तुकडे, हे गुजरीला सरकारच्या कितीतरी आधी कळले होते.

धोरणात वारंवार येणारा पंधरा वर्षांचा आकडाही तपासण्यासारखा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. हे कागदाचे वय होते, इंजिनाचे नव्हे. हळूहळू तेच गाडीचे आयुष्य मानले जाऊ लागले. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून थेट पाच हजार रुपये झाले. त्याआधी २०२१ मध्ये केंद्राने डिजिटल नोंदींवरून जी आकडेवारी दिली, तीत पंधरा वर्षांहून जुनी सर्वांत जास्त वाहने कर्नाटकात निघाली: सत्तर लाखांवर. महाराष्ट्रात ती साडेसतरा लाखांच्या घरात होती. महाराष्ट्रातली माणसे गाड्या चौपट वेगाने मोडतात असे काही नाही. मोडलेल्या गाडीची नोंदणी रद्द करायला आरटीओत जायचे कोणी, हा खरा मुद्दा. गाडी नष्ट झाली तर चौदा दिवसांत कळवावे असे कलम ५५ सांगते. ते पाळणारा मालक शोधावा लागेल. त्या लाखांतल्या कितीतरी गाड्या केवळ कागदावर जिवंत असणार.

आता सवलतीचा हिशेब मांडू. आठ लाखांची नवी गाडी धरू. नितीन गडकरींनी मार्च २०२१ मध्ये लोकसभेत मांडल्याप्रमाणे भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के, म्हणजे ३२ ते ४८ हजार. कंपन्यांनी पाच टक्के सूट द्यावी असे तेव्हा सुचवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी मान्य केली ती दीड टक्का किंवा २० हजार, यांतली कमी रक्कम. आपल्या गाडीला ती १२ हजार. रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत, आणि त्यातला ‘पर्यंत’ राज्याच्या मर्जीवर. कर्नाटकाचा आयुष्यकर देशात चढ्या दरांपैकी असला आणि सवलत पूर्ण मिळाली, तरी सगळी बेरीज लाखाच्या आतच राहते. मारतहळ्ळीच्या रिंग रोडवर नव्या गाड्यांची शोरूम आणि जुन्या गाड्यांचे विक्रेते एकाच रस्त्याला आहेत. धड चालणाऱ्या गाडीला तिथे यापेक्षा जास्त मिळत असेल, तर संगणक अभियंता ती मोडीत का देईल? तो ‘एक्स्चेंज’मध्ये देतो. हा शब्द मोडीसारखा वाटतो, पण मोड नव्हे. गाडी वितळत नाही, पुढच्या माणसाकडे जाते. तिथून तालुक्याला, तिथून एखाद्या भाजीवाल्याकडे, आणि शेवटी गुजरीत, रोख पैशांवर.

यावर कोणी अमेरिकेचा दाखला देईल. २००९ मध्ये तिथे तीन अब्ज डॉलर खर्चून सुमारे पावणेसात लाख गाड्या मोडीत निघाल्या. गाडी किमान वर्षभर त्याच मालकाच्या नावावर, विम्यासह असावी अशी अट होती, आणि इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ते कायमचे जाम केले जाई. म्हणजे मोडीच्या दोन्ही अटी कायद्याने सक्तीच्या केल्या होत्या, आणि मोबदला साडेतीन ते साडेचार हजार डॉलर होता. तरीही मियाँ आणि सूफी या अर्थतज्ज्ञांना आढळले की वाढलेली विक्री बहुतांशी पुढच्या काही महिन्यांतूनच उचललेली होती. २०१० च्या मार्चपर्यंत योजनेचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. जर्मनीने त्याच वर्षी गाडीमागे अडीच हजार युरो दिले, आणि मोडीत निघाल्याचे दाखवलेल्या गाड्या आफ्रिकेत विकल्या गेल्याची प्रकरणे उघडकीस आली. भरभक्कम पैसे दिले तरी ही गत. आपल्याकडे तर दीड टक्काच कबूल झाला.

अधिक वजनदार आक्षेप मुंबईचा आहे. काळ्यापिवळ्या पद्मिनी गेल्याच की! वाहनांच्या धुराविरुद्धच्या १९९९ च्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने व्ही. एम. लाल समिती नेमली, टॅक्सी सीएनजीवर आल्या, २०१३ मध्ये वयोमर्यादा वीस वर्षांची झाली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. हे खरे आहे, आणि वय ठरवून देण्याने काम होऊ शकते याचा हा पुरावाही आहे. पण टॅक्सीत मोल परवान्याचे होते. गाडी हे त्याचे वाहक. परवाना टिकवायचा तर गाडी बदलणे भाग होते, आणि जुनी सोडणारा व नवी घेणारा माणूस एकच होता. म्हणजे पितळी पातेल्याची अट तिथे पूर्ण होत होती. खासगी मोटारीच्या शेवटच्या मालकाकडे असा परवाना नाही.

प्रदूषणाचा मुद्दा मी हलका मानत नाही. जुनी इंजिने जास्त ओकतात, आणि गुजरीत गाडी तोडताना तेल व बॅटरीचे आम्ल जमिनीत मुरते. नोंदणीकृत मोडकेंद्र तिथे निर्विवाद बरे. पण बंगळुरात धुराची बीएस-४ मानके २०१० मध्येच आली, बाकी देशभर ती २०१७ मध्ये. तेव्हा २०१० ची बंगळुरी गाडी आणि २०१६ ची एखाद्या लहान गावातली गाडी यांत वयाने म्हातारी ती जास्त घाणेरडी, असे समीकरण बसत नाही. तपासणी धुराची व्हावी, जन्मतारखेची नव्हे.

नियमांत एक जागा मात्र मला खरोखर हुशारीची वाटते. मोडकेंद्र जे जमा प्रमाणपत्र देते ते विकता येते. ज्याला नवी गाडी घ्यायची नाही त्याने ते घेणाऱ्याला विकावे. कासाराकडची मोड दुसऱ्याच्या नावावर वळती करण्यासारखेच हे आहे, आणि शेवटच्या मालकापर्यंत पोचणारी एवढी एकच वाट धोरणात आहे. त्या कागदाचा भाव शिवाजीनगरच्या गुजरीत सुट्या भागांना मिळणाऱ्या रोख भावावर जाईल, तेव्हा भाजीवाला गुजरीऐवजी मोडकेंद्राकडे वळेल. आज गिअरबॉक्स वेगळा, रेडिएटर वेगळा, दारे वेगळी विकून गुजरीवाला जे देतो, ते दीड टक्क्याच्या सवलतीतून निघत नाही.