अंतराळवीरांच्या डब्यातून आलेला हॅसप

1959 साली अमेरिकेतल्या पिल्सबरी या पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या जुन्या कंपनीकडे वेगळंच काम आलं: अंतराळवीरांसाठी खाणं तयार करायचं. अटी दोन. वजनरहित अवस्थेत चुरा उडून यंत्रांत शिरता कामा नये आणि अन्नातून विषबाधेचा धोका जवळपास शून्यावर यायला हवा. अंतराळात जुलाब सुरू झाले तर मदतीला जाणार कोण?

चुऱ्यावर इलाज लवकर निघाला. एका घासात मावतील असे चौकोनी तुकडे करून त्यांवर खाता येईल असा लेप चढवला.

जंतूंनी मात्र घाम फोडला. कंपनीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हॉवर्ड बाउमन यांनी हिशेब मांडला. तयार माल तपासून खात्री द्यायची, तर प्रत्येक खेपेतला बराचसा माल चाचण्यांतच संपत होता. उड्डाणासाठी उरायचं थोडंसं. शिवाय उरलेला घास कुणी तपासलेलाच नसायचा! मग नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेतली पद्धत कामी आली: वस्तू कुठे आणि कशी बिघडू शकते, याचा आधीच शोध घ्यायचा. कच्च्या मालापासून पाकिटापर्यंत एकेक पायरी तपासून धोक्याच्या मोक्याच्या जागा हेरायच्या आणि पहारा तिथेच बसवायचा. हाच हॅसप.

दूध डेअरीत तो डोळ्यांनी दिसतो. पाश्चरीकरणात दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद ठेवावं लागतं. तापमान ठरल्या मर्यादेखाली गेलं, की झडप आपोआप फिरते आणि दूध पुढे पिशवीकडे न जाता परत तापायला जातं. नासण्याची वाट पाहावी लागत नाही.

जमिनीवरच्या लोकांच्या वाट्याला ही काळजी उशिरा आली, तीही ठेच लागल्यावर. 1971 मध्ये पिल्सबरीच्याच, लहान मुलांना भरवल्या जाणाऱ्या गव्हाच्या रव्यात काच सापडली. त्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचं डबाबंद सूप पिऊन न्यूयॉर्क राज्यात एक माणूस बॉट्युलिझमने दगावला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपले निरीक्षक शिकायला पाठवले ते पिल्सबरीकडेच. 1993 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली.

भारताला तिचा चटका बसला मासळीच्या धंद्यात. 1997 मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेतल्या त्रुटींवर बोट ठेवून भारतीय मासळीची आयात थांबवली. बर्फ, पाणी, हातमोजे, नोंदवह्या, सगळ्याची झाडाझडती झाली आणि मंजुरी मिळेल त्या कारखान्यांनाच पुन्हा वाट मोकळी होऊ लागली. आज निर्यातीच्या कोळंबीची पाकिटं धातुशोधक यंत्राखालून जातात. ठरावीक वेळाने त्यातून मुद्दाम धातूचा नमुना सोडून यंत्र ओरडतं का, ते पाहतात. नाही ओरडलं, तर मागच्या यशस्वी चाचणीनंतर गेलेलं प्रत्येक पाकीट अडवून पुन्हा तपासायचं, मग बाहेर कंटेनर कितीही वेळ ताटकळत उभा असो.