‘ॲ’मधलं टिंबांचं वर्तुळ

फोन किंवा संगणक अपडेट केला, जुना मजकूर उघडला आणि कालपर्यंत नीट दिसणारं ‘ॲप’ आज ‘अ◌ॅप’ असं तुटून दिसलं, की पहिला संशय फॉण्टवर जातो. फॉण्ट बदलून पाहतात, काढून पुन्हा टाकतात, अपडेट मागे घेता येईल का याची चौकशी करतात. वर्तुळ तिथंच. दोष साठवलेल्या मजकुरात असतो आणि त्याचं मूळ १९८८ पर्यंत मागे जातं.

त्या वर्षीच्या ‘इस्की’ या भारतीय लिपींच्या संकेतप्रणालीवर युनिकोडचा देवनागरी तक्ता बेतला गेला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात ए वर चंद्र दिलेला ‘ऍ’ होता. मराठी हात मात्र अ वरच चंद्र देतो. वकिलाच्या पाटीवरचं ‘ॲड.’ आठवा. या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक नव्हता. तो मिळाला एप्रिल २००८ मध्ये, युनिकोड ५.१ या आवृत्तीत: ०९७२. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत जागा दिली ती २००९ मध्ये.

मधल्या सतरा वर्षांत लिहिणाऱ्यांनी काय करायचं? विंडोज २००० बरोबर मंगल फॉण्ट आला, मराठी माणसं युनिकोडात टंकू लागली आणि अ टंकून पुढे ॅ देऊ लागली. पडद्यावर ठीक दिसायचं. लाखो शब्द असेच साठले.

टिंबांचं वर्तुळ मूळचं युनिकोडच्या तक्त्यांमधलं. मात्रा एकटी छापता येत नाही, म्हणून अक्षराच्या जागी ते ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’ने तेच चिन्ह निराधार मात्रेसाठी पडद्यावर आणलं. पुढे स्वराला मात्रा जोडून दुसरा स्वर बनवण्यावरही बंदी आली, कारण दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द फसव्या वेबपत्त्यांना वाट करून देतात. अ आणि ॅ ही जोडी युनिकोडच्या ‘वापरू नका’ यादीत आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये अक्षरांची जुळणी करणारं ‘हार्फबझ’ ती यादी पाळतं. ते अद्ययावत झालं की जुनी जोडी उघडी पडते.

नियम मला मान्य आहे. पण ज्या काळात दुसरा मार्गच नव्हता, तेव्हाच्या मराठी मजकुरासाठी त्यात काहीच सवलत ठेवली नाही, हा अन्याय आहे.

तपासायची रीत सोपी. अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून वर्डमध्ये आल्ट धरून एक्स दाबा. ०९७२ उमटलं तर अक्षर नवं. ०९४५ उमटलं तर तो नुसता चंद्र, म्हणजे जुनी जोडी. पुन्हा आल्ट-एक्स दाबलं की अक्षर पूर्ववत होतं. मग ‘शोधा आणि बदला’मध्ये शोधायच्या जागी अ आणि ॅ, बदलायच्या जागी ॲ. आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

वर्तुळ दिसत नसलं तरी हे काम करण्यासारखं आहे. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं एक नाहीत, त्यामुळे अगदी काटेकोर शोधात नव्या ‘ॲड.’ने जुन्या यादीतले वकील सापडतच नाहीत. ग्रंथालयांच्या सूची, संस्थांच्या सभासद याद्या आणि जुने दिवाळी अंक यांपासून सुरुवात करावी.