गोठ्याचे चित्र

वसईच्या वाडीत घराइतकाच गोठ्याला मान होता. गोठ्यातले बैल रहाटाला जुंपले जात आणि त्या पाण्यावर केळी व पानवेली पोसल्या जात. १७३९ मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, तरी रहाट फिरतच राहिला. पुढे पंप आले, बैल गेले, गोठे ओस पडले. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन आले आणि वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी कुडाच्या भिंतीवरील वारली चित्रे कागदावर व कापडावर आणली. भिंती पडल्या, तरी ती चित्रे उरली. आपल्या गोठ्यांची चित्रे कोण काढणार? नाताळात आपण गव्हाण भक्तिभावाने सजवितो. परसातली खरी गव्हाण मात्र सरपणात जाते.