आयोवातील एम्स : कृषि-महाविद्यालय, नगर आणि विद्यार्थ्यांचा निवास

अमेरिकेतील कृषि-शिक्षणाचा इतिहास सामान्यतः कायदे, अभ्यासक्रम आणि प्रयोगक्षेत्रे यांच्या आधारे लिहिला जातो. इ. स. १८६२ च्या मॉरिल कायद्याने संघराज्याच्या मालकीची जमीन घटकराज्यांना देऊन तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालविण्याची सोय केली, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले, हे विधान यथार्थच आहे. तथापि, त्या दारातून आत आलेला विद्यार्थी रात्री कोठे निजत होता आणि कोणाच्या पंक्तीस जेवत होता, हा प्रश्न त्या विधानात येत नाही. आयोवा राज्यातील एम्स या नगरापुढे हा प्रश्न ठेवून पाहिले असता महाविद्यालय आणि नगर यांच्या संबंधाचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

एम्समध्ये महाविद्यालय आधी आले व गाव मागाहून. आयोवाच्या विधिमंडळाने १८५८ मध्ये कृषि-महाविद्यालय व आदर्श शेती स्थापण्याचा कायदा केला. दुसऱ्या वर्षी स्टोरी जिल्ह्यात ६४८ एकर जमीन घेण्यात आली, आणि १८६० मध्ये तीवर शेतघर ही पहिली इमारत बांधावयास आरंभ झाला. सप्टेंबर १८६२ मध्ये मॉरिल कायद्याच्या अटी स्वीकारणारे आयोवा हे पहिले राज्य होय. गाव वसले ते १८६४ मध्ये, लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून. रेल्वेचे भांडवलदार व काँग्रेसचे सदस्य ओक्स एम्स यांचे नाव त्यास मिळाले. स्थानक आणि महाविद्यालय यांमध्ये सुमारे दोन मैलांचे अंतर होते. मधून स्क्वॉ क्रीक हा ओढा वाहत असे. त्याच्या काठची जमीन सखल असल्याने पुराच्या दिवसांत ही वाट बिकट होई. (ओढ्याचे हे नाव आदिवासी स्त्रियांस अवमानकारक असल्याने २०२१ मध्ये बदलून ‘आयोवे क्रीक’ असे करण्यात आले.)

या अंतरामुळे महाविद्यालयाला आपला संसार आपणच थाटावा लागला. १८६९ मध्ये रीतसर उद्घाटन झाले, तेव्हा वर्ग, ग्रंथालय, भोजनगृह आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या हे सर्व ‘मेन’ या एकाच भव्य इमारतीत सामावलेले होते. विद्यार्थ्याने दिवसाचे काही तास अंगमेहनतीचे काम करावे असा आरंभीचा दंडक होता. मुलगे शेतावर राबत, तर मुलींच्या वाट्यास स्वयंपाकघर व धुलाईघर येई. वर्षाची आखणीही याच जीवनाशी जुळणारी होती. सत्र मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपे आणि सुट्टी हिवाळ्यात असे, म्हणजे विद्यार्थ्यांना त्या महिन्यांत खेड्यांतील शाळांवर शिकवून चार पैसे गाठीशी बांधता येत. १८७२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत २४ पुरुष व २ स्त्रिया होत्या.

अशा स्वयंपूर्ण संस्थेपासून शेजारच्या गावाला होणारा लाभ मर्यादितच असणार. १८८० च्या जनगणनेत एम्सची लोकसंख्या १,१५३ होती. १८९० मध्ये ती अवघी १,२७६ झाली. हे अंतर मोडण्याचा पहिला यत्न १८९१ मध्ये झाला. ‘डिंकी’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी एक छोटी आगगाडी गाव व महाविद्यालय यांमध्ये धावू लागली. जाणे-येणे सुकर झाले. पण विद्यार्थ्याचे बिऱ्हाड अजून महाविद्यालयाच्या आवारातच होते.

ते आवाराबाहेर काढले आगीने. १९०० मध्ये ‘मेन’चा उत्तरेकडील भाग जळाला आणि १९०२ मध्ये दक्षिणेकडील भागही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्या जागी १९०६ मध्ये नवी इमारत पुरी झाली, पण ती वर्ग व कचेऱ्या यांच्यासाठी होती. स्त्रियांकरिता १८९५ पासून मार्गारेट हॉल होते. पुरुषांच्या मोठ्या वसतिगृहाचे बांधकाम मात्र १९२७ पर्यंत लांबले. मधल्या पाव शतकात विद्यार्थ्यांचा भार नगराने उचलला. घरोघरच्या खोल्या भाड्याने लागल्या, खाणावळी चालू लागल्या, आणि महाविद्यालयाच्या दक्षिणेस दुकानांची व बिऱ्हाडांची नवी वस्ती वाढीस लागली. विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांवर पूर्वी बंदी होती. ती १९०४ मध्ये उठली, आणि सदस्यांच्या निवासासाठी या मंडळांची घरेही उभी राहू लागली. १९०७ मध्ये डिंकीची जागा विजेच्या गाडीने घेतली. १९०० मध्ये २,४२२ असलेली लोकसंख्या १९१० मध्ये ४,२२३ आणि १९२० मध्ये ६,२७० झाली. ही सर्व वाढ केवळ आगीमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण महाविद्यालयही याच काळात विस्तारत होते. परंतु ती वाढ नगराच्या घराघरांतून झाली, याचे कारण मुख्यतः वसतिगृहांचा अभाव हेच होय.

या बदलाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे १८९१ मध्ये या महाविद्यालयात आलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. प्रारंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसू दिले गेले नाही. तळघरात शेतावरील गड्यांबरोबर त्यांना जेवावे लागले. राहण्याची सोय एका प्राध्यापकाने आपली कचेरी रिकामी करून दिली तेव्हा झाली. कार्व्हरांनी १८९४ मध्ये पदवी व १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली आणि ते टस्कीगी येथे गेले. संस्थेच्या भिंतींआड घडलेल्या अन्यायाचे अंशतः तरी निवारण त्या भिंतींआडची माणसे करू शकली. निवास खाजगी घरांत गेल्यावर ही वाट राहिली नाही. प्रवेश महाविद्यालय देई, खोली घरमालक नाकारी. आणि या नकाराचा जाब विचारावा असे अधिकारपीठच नव्हते. प्रवेशाच्या नियमांत जो भेद लिहिलेला नव्हता, तो भाड्याच्या व्यवहारात निमूटपणे पाळला गेला.

ही उणीव एका कुटुंबाने भरून काढली. जॉर्जियातून एम्सला येऊन स्थायिक झालेले आर्ची व नॅन्सी मार्टिन या कृष्णवर्णीय दांपत्याने लिंकन वे या रस्त्यावरील आपल्या घरी अशा विद्यार्थ्यांना आसरा दिला. उच्च शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला असला, तरी या तरुणांपुरता तो उपभोगता आला तो या घराच्या छपराखाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर निवासाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले, आणि त्यांतील पुष्कळ जण बायका-मुलांसह एम्सला आले. १९४६ मध्ये त्यांच्यासाठी ‘पॅमेल कोर्ट’ ही वसाहत उभारण्यात आली. ती तात्पुरती म्हणून बांधली होती, पण अनेक दशके टिकली. आता संस्थेने केवळ विद्यार्थ्याचा नव्हे, तर त्याच्या कुटुंबाचाही निवास आपल्या शिरावर घेतला होता.

२००४ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका नव्या वसतिगृहास मार्टिन दांपत्याचे नाव दिले. या गौरवाचे महत्त्व कृतज्ञतेपुरते मर्यादित नाही; जे कार्य संस्थेचे होते ते एका खाजगी घराने पार पाडले, याची ती उशिरा दिलेली पोचही आहे. म्हणून कृषि-महाविद्यालयाच्या नगराचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने विधिमंडळाच्या कागदपत्रांइतकेच भाड्याच्या खोल्या व खाणावळी यांकडे लक्ष दिले पाहिजे. कायद्याने शिक्षण कोणाला देऊ केले ते कागदपत्रांवरून समजते. प्रत्यक्षात ते कोणाच्या पदरात पडले, याचा उलगडा निवास आणि भोजन यांच्या इतिहासावाचून होत नाही.