न पेटलेले दिवे



मोठ्या इमारतीच्या जिन्यात किंवा सिनेमागृहाच्या दारावर एक हिरवी पाटी असते. दाराकडे धावणारा माणूस काढलेला असतो तीवर. जवळपास भिंतीवर दोन दिव्यांची एक पेटीही असते. लाइट गेले की ते दिवे आपोआप लागावेत अशी अपेक्षा असते. आपण रोज त्यांच्यासमोरून जातो, पण मान वर करून कोणी बघत नाही. मी आयुष्यभर मुलांकडून लढाया आणि तह यांच्या सनावळ्या पाठ करून घेतल्या. या पेटीलाही सनावळी आहे बरं का! मात्र तिच्यातला प्रत्येक सन कुठल्या ना कुठल्या आगीचा आहे.

सुरुवात करू व्हिएन्नापासून. ८ डिसेंबर १८८१. तिथल्या रिंग थिएटरात ऑफेनबाखच्या नव्या संगीतिकेचा प्रयोग होता. त्या काळी नाटकगृहात गॅसचे दिवे असत. रंगमंचावरचे दिवे पेटवताना साचलेल्या गॅसचा भडका उडाला आणि वरचे पडदे पेटले. स्फोट होऊ नये म्हणून कोणीतरी गॅस बंद केला. विचार चुकीचा नव्हता, पण प्रेक्षागृहातले आणि जिन्यातले दिवेही त्याच गॅसवर होते. सगळीकडे काळोख झाला. अशा वेळेसाठी म्हणून तेलाचे दिवे होते, पण ते पेटलेलेच नव्हते. दारं आत उघडणारी, मागून लोटालोट... बाहेर पोलिसांनी "सगळे वाचले" असं जाहीर केलं, तेव्हा आत माणसं मरत होती. सरकारी आकडा ३८४ मृतांचा आहे.

या आगीने युरोपातल्या नाटकगृहांचे नियम बदलले. दारं बाहेर उघडणारी हवीत, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी पडदा हवा, वगैरे. पुढच्याच वर्षी, १८८२ साली, ब्रुनो शहरात नवं नाटकगृह उघडलं ते एडिसनच्या विजेच्या दिव्यांसह. लोकांना वाटलं, गॅस गेला, आता भीती गेली. पण व्हिएन्नाचा खरा धडा वेगळाच होता. संकटातला दिवा रोजच्या दिव्याच्या जिवावर अवलंबून नसावा, हा तो धडा. रोजचा दिवा गॅसचा असो की विजेचा, संकटात आधी तोच जातो.

हे शिकागोला कळलं ३० डिसेंबर १९०३ रोजी. इरोक्वॉय थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. 'संपूर्ण अग्निरोधक' अशी त्याची जाहिरात होती. नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ, त्यामुळे बायका-मुलांची गर्दी. रंगमंचावर आग लागली, दिवे गेले, आणि बाहेर जायची दारं शोभेच्या पडद्यांमागे लपलेली होती. त्यांवर पाट्याही नव्हत्या. सहाशेच्या वर माणसं गेली. वाट असून उपयोग नाही, ती दिसली पाहिजे, हा दुसरा धडा.

तिसरा धडा बॉस्टनचा. २८ नोव्हेंबर १९४२, कोकोनट ग्रोव्ह नावाचा नाइट क्लब. परवानगी होती साधारण साडेचारशे माणसांची, आत होती हजारभर. आग लागल्यावर काही मिनिटांत दिवे गेले, गोल फिरणारं दार माणसांनी अडलं, काही दारं तर बंदच करून ठेवलेली. ४९२ मृत्यू झाले. यानंतर अमेरिकेत अनेक ठिकाणी सक्ती आली की गर्दीच्या जागी स्वतंत्र विजेवर चालणारे दिवे आणि उजळलेल्या पाट्या हव्यातच.

आणि तो धावणारा माणूस? तो जपानचा. १९७२ मध्ये ओसाकातल्या एका दुकानांच्या इमारतीला आग लागून ११८ जण दगावले. अशा आगींनंतर तिथे पाटीसाठी स्पर्धा झाली, तीन हजारांवर चित्रं आली. त्यातून निवडलेल्या चित्रावर युकिओ ओटा यांनी काम केलं आणि १९८० च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानकात गेलं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, धुरातही ओळखू यावं, हा हेतू. शिक्षक म्हणून मला ही पाटी फार आवडते. एक अक्षर नाही, पण कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आज ही मानकं किती बारीक झाली आहेत पाहा. ब्रिटिश मानक सांगतं की सुटकेच्या वाटेच्या मध्यावर जमिनीशी निदान एक लक्स उजेड हवा. पौर्णिमेच्या टिपूर चांदण्याच्या तीन-चारपट समजा. वाचायला नाही, पण पायरी दिसायला पुरतो. अमेरिकेची संहिता म्हणते, दिवा दीड तास टिकला पाहिजे. शिवाय दर महिन्याला अर्धा मिनिट आणि वर्षातून एकदा पूर्ण दीड तास तो लावून पाहायचा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं कलम हे शेवटचंच. कारण व्हिएन्नात दिवे नव्हते असं नाही, ते पेटलेले नव्हते. दिवा असणं आणि दिवा लागणं यांत ३८४ जीव गेले.

आपल्याकडे काय वेगळं घडलं? १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 'बॉर्डर' चालू होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर बाल्कनीत शिरला, वीज गेली. आपत्कालीन दिवे नाहीत, बाहेर जायच्या वाटेत जादा खुर्च्या. ५९ जण गेले, बहुतेक गुदमरून. व्हिएन्नानंतर ११६ वर्षांनी. नियम कागदावर होतेच.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानुसार इमारतीतली आगीपासून बचावाची साधनं चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. आमच्या सोसायटीच्या सभेत हा खर्च निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, हल्ली लाइट जातात कुठे?" लाइट जात नाहीत म्हणूनच तर जिन्यातली बॅटरी मेलेली कोणाला कळत नाही! पेटीवरचा बारीक हिरवा दिवा फक्त वीज येते आहे एवढंच सांगतो. आतल्या बॅटरीत दम आहे का, ते सांगत नाही. तिचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. बऱ्याच पेट्यांवर 'टेस्ट' असं बटण असतं. ते दाबून दिवा किती वेळ टिकतो ते पाहिलं की खरं काय ते समजतं.

असो. लेख लांबला. भाचे-पुतणे मंडळी आता वीस-पंचवीस मजल्यांच्या टॉवरमध्ये राहतात. त्यांना एवढंच सांगणं, या रविवारी लिफ्टने न जाता एकदा जिन्याने खाली उतरा. किती मजल्यांवर दिवा लागतो ते मोजा आणि मला कळवा.